सर बसले की तास संपतो

रामटेके सरांची आणि माझी ओळख माझ्या काटकसरीमुळे झाली. माझी मुलगी सुषमा तेव्हा आमगावला बी. ए. करत होती. शनिवारी माझा बाजार असायचा. बाजार लवकर आटपायचा, तिचा वर्ग उशिरा सुटायचा, आणि दोघींनी एकाच ऑटोत घरी परतायचं हा माझा नेम. त्यामुळे मी भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून कॉलेजच्या व्हरांड्यात तिची वाट पाहत बसायची. एका शनिवारी वर्गातून एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आत बसा. बाकाला पैसे पडत नाहीत."

पैशांचं त्यांनी माझा चेहरा वाचून म्हटलं की सहज, ते मला अजून ठाऊक नाही. पण तेवढ्यावरच मी उठले.

सर त्याआधीच निवृत्त झाले होते. तरी दर शनिवारी ते कॉलेजातल्या एका खोलीत साहित्याचा वर्ग घ्यायचे. फी नव्हती, हजेरी नव्हती. बी. ए.ची मुलं असायची, रेल्वेतले एक निवृत्त बाबू असायचे, एक औषधाचे दुकानदार असायचे. सर कविता किंवा कथा वाचून दाखवायचे आणि मग तिच्यावर बोलणं व्हायचं. वाचताना सर चालायचे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, हातात पुस्तक. खुर्ची भिंतीला लागून तशीच राहायची. मुलं म्हणायची, "सर बसले की तास संपतो." मजेनं म्हणायची, पण ते खरंही होतं. सर कधी बसले नाहीत, आणि तास घड्याळाप्रमाणे कधी संपला नाही.

सरांचे दोन नियम होते. पहिला, जे वाचायला घेतलं ते आधी पूर्ण वाचायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही, खुद्द सरही नाही. खेड्यावरची मुलं बस चुकल्यामुळे उशिरा आली तर सर चिडत नसत. "पाणी प्या," म्हणायचे, आणि कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून घ्यायचे. अर्धी कविता घेऊन कोणी घरी जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. दुसरा नियम म्हणजे एक प्रश्न. वाचन संपलं की थोडा वेळ सगळे गप्प, आणि मग सर विचारायचे, "इथं हजर असून न बोललेलं कोण आहे?"

त्या पहिल्या शनिवारी दोन भावांच्या वाटणीची कथा होती, अंगणात घरातली भांडी मांडून चाललेल्या वाटणीची. मुलांनी आपापली उत्तरं दिली. कोणी म्हातारी आई म्हटलं, कोणी गोठ्यातली गाय. सर चालता चालता मागच्या बाकाशी थांबले.

"आणि आपल्या वर्गात हजर असून न बोललेलं कोण आहे?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. सुषमानं तर मान खाली घातली. मी म्हटलं, "मी हजर नाही सर. माझं नाव नाही तुमच्याकडं."

मुलं हसली. सरही हसले. म्हणाले, "मग तर विचारायलाच पाहिजे."

मी पायाशी पिशव्या सारत राहिले. मी मॅट्रिक. शाळा सुटल्यावर लग्न, आणि त्यानंतर हातात आलं ते घर आणि घराचा हिशेब. पण तो आठवडा माझा काही धड गेला नाही. वरण दोनदा करपलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "तब्येत बरी नाई का?" तब्येत ठणठणीत होती. डोक्यात त्या वाटणीतली भांडी होती. ती अंगणात आपोआप तर आली नसतील. कोणीतरी फळीवरून उतरवली असतील, पुसली असतील, दोन ढीग लावले असतील. ती कोण, तिचं नाव कथेत नव्हतं. पुढच्या शनिवारी मी बाजार नंतर केला आणि आधी वर्गात जाऊन बसले.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला सांगितलं, सरांच्या वर्गातून तुम्हाला काय मिळालं ते लिहा. इतर मान्यवर लिहितील की दृष्टी मिळाली, समाधान मिळालं. मी खोटं लिहिणार नाही. मला अस्वस्थता मिळाली. त्याआधी माझं मन शांत होतं. दिवा लावला, हात जोडले, स्तोत्र म्हटलं की झोप लागायची. सरांच्या वर्गानंतर मला जिथं तिथं गप्प उभी असलेली माणसं दिसू लागली. लग्नाच्या पंगतीत वाढणारी, बैठकीत चहाचा ट्रे धरून दाराआड थांबलेली.

सुषमाला पाहायला पाहुणे आले तेव्हाचं सांगते. बोलणी रंगात आली होती. मुलाचे काका बोलत होते, आमचे हे बोलत होते, मधला माणूस तर बोलतच होता. मला एकाएकी सरांचा आवाज ऐकू आला. मी उठून आत गेले आणि सुषमाला विचारलं, "तू काय म्हणतेस?" पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "आई, फायनल होऊ दे ना." बाहेर येऊन मी तेच सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले. ह्यांनी आठवडाभर अबोला धरला. सुषमानं फायनल केलं, पुढं बी. एड. केलं, आणि आता तिच्या शाळेत तीच मुलांना विचारते की न बोललेलं कोण आहे. हे सरांना मी कधी सांगितलं नव्हतं. आज इथंच सांगते.

पण माझी खरी परीक्षा पुढंच होती.

आमच्या गावच्या देवळात श्रावणभर कथांची पोथी वाचतात. संध्याकाळी बाया जमतात, एक बाई वाचते, बाकीच्या ऐकतात. लग्न होऊन आले तेव्हापासून ती वाचणारी मी. माझ्या मॅट्रिकचा गावाला झालेला उपयोग तेवढाच, आणि मला त्याचा अभिमान होता. देवळाची सगळी व्यवस्था फुलनमायकडे. गावात सगळ्यात वडीलधाऱ्या त्याच. नंदादीपातल्या तेलापासून प्रसादाच्या साखरेपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखाली. पोथीची रीत अशी की अध्याय सुरू केला की तो एका बैठकीत पुरा व्हायलाच हवा. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. अर्धा राहिलेला अध्याय, ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी बाधतो, असं आमच्याकडे मानतात.

त्या श्रावणात एका भक्ताची कथा आली. दारी आलेला पाहुणा उपाशी पाठवायचा नाही असं त्याचं व्रत. एकदा ऐन कडकीत पाहुणा आला. घरात दाणा नाही. भक्त बायकोला म्हणाला, बिजाईचं धान कांड. बायकोनं कांडलं, भात रांधला, पाहुणा जेवला. पाहुणा म्हणजे साक्षात देव. घर धान्यानं भरलं.

ही कथा मी कितीतरी श्रावणांत वाचली होती. त्या दिवशी 'बायकोने कांडले' इथं आले आणि माझी जीभ अडली. बिजाई म्हणजे पुढच्या पेरणीसाठी राखलेलं धान. आमचा हा सगळा धानाच्या बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा, मुलुख. इथलं लेकरूही सांगेल की उपाशी झोपा, पण बिजाईला हात लावू नका. आणि ही बाई उखळाशी उभी राहून ती कांडते, आणि पोथीत तिच्या तोंडी एक अक्षर नाही. मी पोथीवरून मान वर केली आणि समोरच्या बायांना विचारलं, "इचं काय म्हणणं असेल वो?"

तेवढ्यात फुलनमायचा आवाज आला.

"काऊन थांबली वो कांता? वाच."

मला वाचता येईना. अक्षरं दिसत होती, पण पुढचं तोंडातून निघेना. बाया कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, "अध्याय मोडला." दुसरीनं नातवाला जवळ ओढून कुशीत घेतलं. फुलनमाय उठल्या, पोथी माझ्यासमोरून उचलली, कपड्यात बांधली.

"हे त्या कॉलेजच्या मास्तराचं काम हाये," त्या म्हणाल्या. "त्याचा देवावर भरोसा नाई, अन् तू त्याच्या नादी लागून राहिली. पोथी का त्याचा वर्ग, एक काय ते ठरव. दोन्ही होऊन नाई राहिलं तुह्याच्यानं."

घरी ह्यांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "ठरवायचं काय हाये त्यात? शनिवार बंद कर." त्या रात्री आणि पुढं कितीतरी रात्री माझा डोळा लागला नाही. कोणाच्या घरी ताप आला की मी चौकशीला धावायची. वाटायचं, माझ्या अर्ध्या अध्यायानं तर नाही? आणि मनातून हेही जात नव्हतं की त्या बाईनं काय म्हटलं असेल. देवाला शरण जावं, तर देवासमोरही तीच उखळाशी उभी.

शनिवारी मी सरांना भेटले. वर्गात गेले नाही, व्हरांड्यातच थांबले. सरांचं घर बौद्ध. माझं देवधर्माचं आणि त्यांचं जमणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण तो विषय कधी निघाला नव्हता. मला वाटलं, सर म्हणतील शाब्बास, प्रश्न विचारलात. किंवा म्हणतील, सोडा ती पोथी. मी सगळं सांगितलं. सर ऐकताना व्हरांड्यात चालत होते. मग थांबले.

"अध्याय अर्धाच राहिला?"

"हो सर."

"माझ्या वर्गात तुम्ही कधी मध्ये बोललात?"

"नाही सर."

"मग तिथं का बोललात?"

सरांचा दुसरा नियम मी देवळात नेला, पहिला घरीच विसरले.

"प्रश्न बरोबर आहे," सर म्हणाले. "पण ज्या ऐकायला बसल्या होत्या त्यांची कथा तुम्ही तोडली. आधी ती पुरी करा."

"फुलनमाय म्हणतात पोथी का वर्ग, एक ठरव."

"मग वर्ग सोडा."

सर अगदी साधेपणानं म्हणाले, "माझ्या वर्गात बसायला माणसं मिळतील. तिथं वाचणाऱ्या तुम्ही एकट्या आहात."

एवढं बोलून सर आत गेले. दारातून मला त्यांचं वाचणं ऐकू येत होतं, खिडकीकडे गेले की लहान, दाराशी आले की मोठं. त्या दिवशी मी एकटी परतले. ऑटोत मला रडू आलं, आणि रागही आला. इतकं सहज कसं सोडा म्हणाले, असं वाटलं. ते सहज नव्हतं हे पुढं कळलं. सुषमानं सांगितलं की त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी सर मागच्या बाकाशी येऊन थांबायचे, रिकाम्या जागेकडे पाहायचे आणि काही न विचारताच वळायचे.

दोन शनिवार असे गेल्यावर मी फुलनमायकडे गेले. म्हटलं, "माय, शनिवार सोडला. माझा अध्याय मला पुरा करू द्या."

त्या तांदूळ निवडत होत्या. वर पाहिलं नाही. "मोडला अध्याय पहिल्यापासून वाचा लागते. निरंकार उपास धरून."

"धरते."

"अन् मधात बोलशीन तर?"

"नाही बोलणार. माझ्या सरांचाही तोच नियम आहे."

आता त्यांनी वर पाहिलं. "त्या मास्तराचा?"

"हो. त्यांनीच पाठवलं मला. म्हणाले, वर्ग सोडा, पोथी सोडू नका."

फुलनमाय सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी ये."

सोमवारी दिवसभर पाणीही न घेता मी देवळात बसले आणि पहिल्या ओवीपासून वाचलं. 'बायकोने कांडले' तिथं आले, पण थांबले नाही. पाहुणा जेवला, घर भरलं, अध्याय संपला, आरती झाली. मी पोथीला डोकं टेकवलं. बाया प्रसाद घेऊन उठायच्या, तर फुलनमायच उठल्या नाहीत. प्रसादाची वाटी मांडीवर तशीच. त्या उठल्या नाहीत म्हणून कोणीच उठलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "हं. आता विचार."

"काय, माय?"

"तेच. थे बाई काय म्हणत असन थे."

बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मग एक सून हळूच म्हणाली, "मी तं मूठभर लपवली असती, पदरात." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "मूठभरानं बांधी भरते का वो?" तिसरी म्हणाली, "मी पाहुण्याले म्हटलं असतं, शेजारच्या घरी जाय, थे बी भक्तच हायेत." देवळात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. फुलनमाय हसल्या नाहीत. हसणं ओसरलं तशा त्या म्हणाल्या,

"मी कांडलं होतं."

कोणाला कळलं नाही. त्याच पुढं म्हणाल्या, "लगन होऊन आली त्याच्या दुसऱ्या सालची गोठ. नणदेचा नवरा आला, संगं चार माणसं. घरात काई नाई. सासूनं बिजाईच्या कोठीची किल्ली माह्या हातात देल्ली. मी कांडलं, रांधलं, वाढलं. थे जेवून गेले. देव काई आला नाई."

"मंग वो माय?" कोणीतरी विचारलं.

"मंग काय. लोकायच्या बांधीत पऱ्ह्याचे रोपं हिरवे झाले, आमची तशीच पडली. माहेरी गेली, भावाले म्हटलं, बिजाई दे. भावानं देल्ली. भाऊजय थ्या कोठीजवळच उभी होती. थे बी काई बोलली नाई."

एवढं सांगून त्यांनी प्रसाद तोंडात टाकला आणि हात टेकून उठल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "शनिवारी जात जाय. पण पोथी मोडायची नाई."

त्या शनिवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी पाहिलं, मान हलवली, वाचायला घेतलं. वाचन पुरं झालं. सर्वजण गप्प झाले. सरांनी विचारलं, "इथं हजर असून न बोललेलं कोण आहे?" मी उभी राहिले. आजवर त्या वर्गात मी कधी उभी राहिले नव्हते. वाचलेल्या कवितेशी संबंध नव्हता, पण मी फुलनमायची गोष्ट सांगितली, त्यांच्याच शब्दांत, भाऊजयीपर्यंत.

सर चालायचे थांबले. मग भिंतीजवळ गेले आणि खुर्चीवर बसले.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाले, "हा प्रश्न मी आयुष्यभर पुस्तकांना विचारत आलो. फुलनमायना विचारायला मी गेलो नव्हतो." मग म्हणाले, "आज यापुढं मला वाचता येणार नाही." तास संपला. पण उठलं कोणीच नाही.

पुढच्या श्रावणात सरांनी माझ्यामार्फत विचारलं, पोथी ऐकायला आलेलं चालेल का. फुलनमाय म्हणाल्या, "ये म्हणा. पण मधात बोलायचं नाई म्हणा." सर आले. सभामंडपाच्या खांबाला टेकून उभे राहिले. अध्यायभर हलले नाहीत, बोलले नाहीत. हात जोडले नाहीत, पण प्रसाद दोन्ही हातांनी घेतला. आरतीनंतरच्या बायांच्या गप्पाही उभ्यानंच ऐकल्या. त्या गप्पा आता आमच्याकडे पोथीचाच भाग झाल्या आहेत. सर गेल्यावर फुलनमाय म्हणाल्या, "तुह्या मास्तराचे पाय दुखत नाईत का वो?"

देव का आला नाही, हे मात्र फुलनमायना अजून कोणी सांगितलेलं नाही. त्या आता फारशा हिंडत-फिरत नाहीत. मी गेले की कधीतरी विचारतात, "मास्तरानं काई सांगतलं का?" मी सरांना विचारते. सर म्हणतात, "नाही सुचलं. अजून विचार करतो आहे." त्यांना माहीत नाही असं सर निःसंकोच सांगतात, आणि विचार करतो म्हणाले की खरोखर करतात. मी स्वतः रोज देवासमोर बसते, तेव्हा ही गोष्ट त्याच्यासमोर ठेवते. पूर्वीसारखी झोप नाही लागत. आता ती तशी लागावी असं मी मागतही नाही.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त होणाऱ्या सोहळ्यात व्यासपीठावर त्यांच्यासाठी मखमलीची मोठी खुर्ची ठेवणार आहेत, असं ऐकलं. शाल, श्रीफळ, भाषणं सगळं व्हावं, सरांचा तेवढा मान आहेच. मी आपली रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेते. हे त्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "करा. माझी हरकत नाही." सरांना शंभर वर्षांचं आयुष्य आणि निरोगी शरीर मिळो, त्यातही गुडघे विशेष. आयोजकांना एकच विनंती, सरांना त्या खुर्चीवर फार वेळ बसवू नका. फुलनमायना अजून उत्तर मिळायचं आहे. तास संपायला नको.